पाचव्या पाटावरची सुपारी

३ फेब्रुवारी. कॉलनीतल्या देवळाच्या स्वयंपाकघरात मी महाप्रसादाची तूरडाळ निवडत होते. दुसऱ्या दिवशी नव्या मूर्तीची स्थापना होती. हवन आणि पाचशे पानं. मंडळाचे अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले.

"ताई, एक चांगली सुपारी काढून द्या. अख्खी पाहिजे. बायको म्हणून लावाची आहे."

शेजारी वांगी चिरणारी मंदा म्हणाली, "कोनाची बायको?"

हवनाला पाच जोडपी बसणार होती. पाचव्या जोडप्याला सुतक पडलं. त्या पाटावर एका निवृत्त साहेबांना बसवायचं ठरलं. त्यांची बायको वारून चार वर्षं झाली. बायको नसेल तर पुरुषाच्या कमरेला सुपारी खोचतात. तीच बायको. विधी पुरा होतो.

पूजेचं सामान इतवारीच्या बाजारातून मीच आणलं होतं. पिशवीत हात घालता घालता म्हटलं, "मग मीच बसते पाचव्या पाटावर. माझ्या कमरेला सुपारी लावा."

मी गंमत करत नव्हते. मी बावन्न वर्षांची. लग्न केलं नाही. दवाखान्यात परिचारिका आहे. अकरा वर्षं हे देऊळ झाडते, नैवेद्य शिजवते. एकदा त्या पाटावर बसावं, असं फार दिवस मनात होतं.

अध्यक्ष बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसांकडे वळून ओरडले, "आयकलं का गा? ताईले सुपारीसंगं लगन लावाचं आहे!"

"सुपारी तयार आहे का, इचारा पहिले!" ओट्यावरून कोणीतरी म्हणालं.

हशा. मंदाही हसली.

मी विचारलं, "साहेबांना चालतं, मग मला काहून नाही?"

"पुरुषाचं वेगळं असते, ताई. तुमचा हात नैवेद्याले आहेच ना. अन् उद्या जरा मागं बसजा. समोर सवाष्णी राहतील."

मी सुपारी काढून दिली. चांगली. अख्खी. सांगायला लाज वाटते, पण दिली.

मग पुन्हा डाळीत हात घातला. खडे दिसेनात. तेवढ्यात मंदा हळूच म्हणाली, "मनावर नको घेऊ वं. उद्या येऊच नको. डोकं दुखून राहिलं म्हण."

अकरा वर्षं माझं डोकं असंच दुखत आलं होतं. हळदीकुंकवाला दुखलं. ओट्या भरताना दुखलं. कोणी न सांगता मी आपणहून उठून भांडी घासायला गेले. या हाताचं अन्न देवाला चालतं, आहुती चालत नाही. हे मीच चालू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन वरण शिजवलं. भात उतरवला. लोकांना उपाशी ठेवणं मला जमत नाही. हात धुतले, घरी जाऊन पाट आणला आणि पाचव्या पाटाशेजारी मांडला. सुपारी आणली नाही. मला कोणाच्या जागी बसायचं नव्हतं, कोणाला माझ्या कमरेला खोचायचंही नव्हतं.

साहेबांनी आपली सुपारी चाचपली आणि ते थोडे सरकले.

संकल्पासाठी गुरुजी एकेकाचं नाव विचारत माझ्यापर्यंत आले. मी माझं नाव सांगितलं.

"आणि यजमानांचं?"

"एवढंच."

मागून अध्यक्षांचा आवाज आला. "ताई, उठा."

कोणी हसलं नाही. मंदाही नाही.

मी मांडी नीट घातली. "गुरुजी, मी बसली आहे," म्हटलं. "तुम्ही सुरू करा."