पिवळं ते फेकायचं नाही

कुंदाताईंच्या पूर्वाचा फोन आला तेव्हा मी बुढापारा मोहल्ल्यात स्कूटरचं पंक्चर काढून घेत होतो. "काका, मम्मी नहीं रही," ती म्हणाली. मी म्हणालो, "हव, ठीक आहे बेटा, संध्याकाळी येतो." फोन खिशात टाकला, पंक्चरवाल्याला मागचं चाकही बघायला सांगितलं, आणि मग कुठे ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं… पुन्हा फोन लावून त्या पोरीला मी विचारलं, "काय म्हणालीस तू आत्ता?" आईच्या मरणाची बातमी मुलीकडून दोनदा वदवून घेणारा माणूस रायपुरात दुसरा सापडायचा नाही. आता महिना होत आला, पण नीट पोचली आहे असं अजूनही वाटत नाही.

कुंदाताई डॉक्टर होत्या, पण माणसांच्या नव्हे, धानाच्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. म्हणजे काचेची भांडी धुणं, रोपांना पाणी देणं आणि त्यांची बोलणी खाणं. त्या अमरावतीकडच्या, रेल्वेतल्या नवऱ्यामागे इकडे आलेल्या. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. "म्हणूनच तुले दोनशे वर्षांचा गंज चढला," असं त्या म्हणत. तेव्हा छत्तीसगढ वेगळं होऊन रायपूर नवीनवी राजधानी झालं होतं. शंकर नगरात मंत्र्यांच्या पांढऱ्या गाड्यांची रांग लागायची आणि आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकावरच्या पाटीवर 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ' रंगवलं होतं. पेंटर कंजूष, एकच हात मारलेला. ऊन तिरपं झालं की खालची जुनी अक्षरं वर यायची. ताई फाटकातून शिरताना रोज म्हणायच्या, "पाहा वसंता, यायचाबी मार्कर राहूनच गेला."

हा मार्कर त्यांच्या आयुष्याचा उद्योग होता. धानाच्या दाण्यात लोह वाढवणारा एक जीन त्यांना रोपात घालायचा होता. पण हजारो पेशींतून मोजक्याच पेशी तो घेतात, आणि घेतला कोणी ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सोबत एक खुणेचा जीन, म्हणजे मार्कर, धाडायचा, जो अँटिबायोटिक पचवतो. मग सगळ्या पेशी औषध घातलेल्या जेलीवर ठेवायच्या. जगतील त्या आपल्या, पिवळ्या पडतील त्या कचऱ्यात. इथवर मला कळत होतं. घोळ पुढे होता. निवड झाली की त्या खुणेचं काम संपलं, आता ती रोपात नको! "काहून नको ताई? राहू द्या ना बिचारीले," मी म्हणालो. तर त्या म्हणाल्या, "लग्नाले मंडप लागते का नाही? मग वऱ्हाड गेल्यावर मंडप घरात ठेवून झोपतो का तू?" म्हणून त्या दोन्ही जीन वेगवेगळे धाडत. म्हणजे पुढच्या पिढीतल्या भावंडांत कोणाकडे दोन्ही येतात, कोणाकडे नुसती खूण, आणि एखाद्याच भाग्यवंताकडे लोह येतं पण खूण येत नाही. त्याला हुडकायचं कसं? प्रत्येक रोपाच्या पानाचा तुकडा कापून औषधात ठेवायचा. ज्याचा तुकडा पिवळा पडेल, त्याची खूण गेली. हवं ते रोप अशांतच, मग त्यांचं लोह तपासायचं.

आता सांगा, वर्षानुवर्षं पिवळं फेकणाऱ्या हातांना एका सकाळी पिवळं जपायला सांगितलं तर ते काय करतील?

ताई भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "पिवळेवाले वेगळे कर." मी केले. रोपं टवटवीत होती, हळहळ वाटली. पण तुकडा पिवळा, म्हणजे आतून गेलेली, अशी माझी विद्वत्ता. ती उपटून, कचरा उकडून मारणाऱ्या वाफेच्या यंत्रात जाणाऱ्या थैलीत भरली, कुंड्यांतल्या त्यांच्या नंबरांच्या पट्ट्या धुऊन पुसून ठेवल्या, आणि हिरव्यांच्या कुंड्या सव्वीस जानेवारीच्या परेडसारख्या उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी ताई आल्या. "पिवळेवाले कुठं आहेत?" "फेकले ताई. कचरा ठेवत नाही मी." त्या स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं… इतक्या वर्षांचं काम त्या थैलीत होतं. एवढंच की लाइट गेलेली होती आणि यंत्र चाललं नव्हतं. आम्ही दोघांनी थैली उलटी केली, मलूल रोपं एकेक करून पुन्हा मातीत लावली. बरीच गेली. उरलेल्यांची ओळख मी स्वच्छ धुऊन ठेवली होती, तेव्हा पुन्हा सगळ्यांचे तुकडे, पुन्हा औषध. मी रोज देवाला सांगायचो, पिवळं पाड रे बाबा. शेवटी खूण नसलेलं आणि लोह असलेलं एकच रोप निघालं. ताई म्हणाल्या, "एक पुरे. याचंच बी धरू."

बी धरलं. पण ते धान कोणाच्या ताटात कधी आलं नाही. परवानग्यांच्या वाटेवर कुठेतरी थांबलं. का थांबलं, ते त्यांनी मला समजावलं होतं आणि मला समजलं नव्हतं. त्या थैलीच्या दिवसापासून मात्र त्यांनी प्रत्येक कुंडीत एक पट्टी खोचली, 'मले विचारून फेक'. चहाच्या किटलीलासुद्धा बांधली होती.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. जंतुसंसर्ग उतरत नव्हता. नर्सने दिलेला रिपोर्ट मी चष्मा लावून पाहिला. औषधांची नावं, आणि प्रत्येकापुढे 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध पचवणारा, एवढं तर मला पाठ होतं. मी म्हणालो, "वा ताई! सगळीकडे आर. तुम्ही तर टिकून राहिल्या!" त्या हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. "अबे वसंता," त्या म्हणाल्या, "तो माह्या जंतूचा रिपोर्ट आहे. मी नाही, तो टिकून राहिला." मीही हसलो. काय हसलो, ते घरी येईस्तोवर कळलं नाही.

तेराव्यानंतर पूर्वाने मला ताईंच्या चौबे कॉलोनीतल्या घराच्या गॅलरीत नेलं. "काका, मम्मी के गमले… कौन सा रखना है, कौन सा फेंकना है, आप ही देख लो." जगात तिला हे विचारायला मीच सापडलो! एका कुंडीत गुलाबाची वाळकी काडी होती, दोन पानं, दोन्ही पिवळी. "ये तो गया," म्हणत पूर्वाने हात घातला, आणि मी तिचा हात धरला. मातीत तीच पट्टी होती. अक्षर त्यांचंच.

कुंडी आता माझ्या दारात आहे. बायको रोज म्हणते, "मेलं आहे ते, फेका ना आता." मी म्हणतो, विचारायचं आहे. "कोणाले विचारता?" ती म्हणते.

तेच तर कळत नाही… तोवर मी पाणी घालतो.