खोडलेली शपथ

रुथॅना मेंडेनहॉलची दोन बोटं कपडे पिळायच्या यंत्राच्या रुळांत चिरडली, तेव्हा इंडियानातल्या त्या गावात कुणालाच नवल वाटलं नाही. बायकांची बोटं अशी जातच होती. नवल वाटलं ते पुढच्या हिवाळ्यात. तिनं यंत्राला गुडघ्याशी एक दांडा बसवला. हात अडकला की गुडघ्यानं ढकलायचा, रूळ फटकन वेगळे.

तिचा नवरा एलवुड अशीच यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ओतकाम करायचा. त्यानं दांडा तिथे दाखवला आणि मालकांना लगेच पेटंट हवंसं झालं. फक्त नाव एलवुडचं पाहिजे. बाईच्या डोक्यातून निघालेलं यंत्र दुकानदार घेणार नाहीत म्हणे. बाईची बोटं मात्र इतकी वर्षं चालली होती. बदल्यात एलवुडला मुकादमी मिळणार होती, आणि उभा जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसाला ती नको कशी होईल?

पण अर्जावर शपथ होती, की हे यंत्र प्रथम मीच शोधलं. आणि एलवुड क्वेकर पंथाचा. ही माणसं न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणायची आणि शपथ कधी घ्यायची नाहीत. एरवी बोलतो ते काय खोटं असतं, असा त्यांचा सवाल. एलवुडनं यातूनच पळवाट काढली. शपथ आपण घेणारच नाही, मग उरली नुसती सही. कागदावरची शाई. रुथॅनाला त्यानं हे समजावलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुला पटत असेल तर जा.” तिला पटलं का, ते त्यानं विचारलं नाही.

वकिलानं त्याला उजवा हात वर करायला सांगितलं. सोबत आलेला कारखान्याचा व्यवस्थापक क्रुल खुर्चीत चुळबुळत होता.

“मी शपथ घेत नाही,” एलवुड वकिलाला म्हणाला. “तू सही तेवढी घे.”

“मला ‘तू’? म्हणजे क्वेकर दिसताय,” वकील हसला. “अहो, तुमची सोय आहे कायद्यात.” त्यानं ‘शपथेवर’ हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘खरेपणाने’.

एलवुड त्या शब्दाकडे बघत राहिला. शपथ ही परक्यांची भाषा. तिच्यात खोटं बोललं तरी आपलं काही जात नाही, असं त्यानं धरलं होतं. हा शब्द मात्र घरचा होता. त्याच्या बापानं आयुष्यभर याच एका शब्दावर घोडे विकले होते.

“आता काय अडलं?” क्रुल म्हणाला. “बायको बोलेल म्हणून घाबरलास?”

“ती बोलत नाही, तेच तर,” एलवुड म्हणाला. “यंत्र तिचं आहे.”

मुकादमी दुसऱ्याला गेली. घरी येऊन त्यानं झालेलं सगळं सांगितलं. रुथॅना कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.”

“मग सांगायचं होतंस.”

“तू विचारायचं होतंस.”

पुढे तिनं स्वतःच अर्ज केला आणि पेटंट निघालं ते तिच्या नावानं. तेव्हा यंत्राच्या चित्राखाली साक्षीदारांच्या सह्या लागत. त्यातली एक एलवुडची. म्हातारपणापर्यंत तो भट्टीवरच राहिला. तो दांडा तुझाच ना, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, “नाही. मी बनताना पाहिला.”