पाचशे मैल दमानं

दुरुस्त करून दिलेली गाडी आठ दिवसांनी खोकत परत आली, की आमचे मिस्त्री आधी स्वतःचे तळहात बघत. बॉनेट उघडायच्या आधी, मालकाचं ऐकून घ्यायच्याही आधी. दोन्ही हात उताणे करून उन्हात धरत, पत्र वाचावं तसे निरखत आणि मग म्हणत, "सांगा आता, काय म्हणते ते." त्या काळी नागपुरात मेकॅनिकांची वानवा नव्हती, आणि परत आलेल्या गाडीसाठी प्रत्येकाकडे कारणं तयार असत. पेट्रोलमध्ये रॉकेल होतं, रस्ता खराब होता, ड्रायव्हर नवशिका होता, आधीच्या मेकॅनिकने वाट लावून ठेवली होती. मिस्त्रींना यातलं एकही कारण आयुष्यात वापरता आलं नाही. "उघडल्यावर जे बिघडते ना, ते गाडीचं नसते. उघडणाऱ्या हाताचं असते," असं ते म्हणत, आणि मनापासून मानत. माणसाने इतकं सरळ असू नये, असं मला आज वाटतं.

लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. वखारीतून आणलेला भुसा ते जमिनीवर पसरत. सांडलेलं ऑइल तो पिऊन घेई, आणि सागवान व ऑइल यांचा मिळून एक वास तिथे कायम भरलेला असे. मूळचे ते उमरेडच्या विणकर घरातले. वडिलांचे दोन माग होते, ते एकापाठोपाठ एक बंद पडले, तेव्हा हे नागपूरला येऊन इंजिनाच्या कामाला लागले. पण हात विणकराचाच राहिला. वडील म्हणे ताण्यावर नुसता तळवा ठेवून सांगत, सूत कुठे सैल आहे ते. मिस्त्री इंजिनाच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, नट तसेच कसत. मधल्या नटापासून सुरुवात, मग हळूहळू बाहेर, अशा तीन फेऱ्या. कुठलं मोजमाप नाही, यंत्र नाही. "ताण हाताले समजते," ते म्हणत, "डोक्याले नाही समजत."

कारण सापडेनासं झालं की ते गाडीसमोर एका ओंडक्यावर बसत, डोळे मिटत आणि रिकाम्या हातांनी सगळी दुरुस्ती हवेत पुन्हा करत. हवेतला नट सोडायचा, हवेतला पाना खाली ठेवायचा, हवेतल्या चिंधीला बोटं पुसायची. नवखा माणूस हे बघून दोन पावलं मागे सरकायचा. एकदा वखारीचे एक मालक सकाळीच नेलेली जीप दुपारी परत घेऊन आले. ती उचक्या देत होती. शेटजी स्वतःच म्हणत होते की पेट्रोल खराब असेल, पंप बदलून बघतो. सुटायला इतकी सोपी वाट कुणी सोडली नसती. मिस्त्री मात्र ओंडक्यावर बसले, हात चालवत राहिले आणि मध्येच थबकले. उठून त्यांनी दोन प्लगांच्या वायरींची अदलाबदल केली, आणि जीप शहाण्यासारखी चालू लागली. वायरी लावताना आपण शेटजींशी गप्पा मारत होतो, चूक आपलीच, असं त्यांनी चार माणसांत सांगून टाकलं. शेटजींनी नंतर माझ्या वडिलांना विचारलं, की हा माणूस धंदा करतो की प्रायश्चित्त घेतो?

माझे वडील वकील. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात कधीतरी इकडे आलं आणि नागपूरच्या महाल भागात पिढ्यान्‌पिढ्या कागद लिहीत बसलं. गाडी घेणारे वडीलच पहिले. जुनी, काळी, विलायती बनावटीची गाडी होती ती, आणि तिला मिस्त्रींखेरीज कुणी हात लावलेला वडिलांना खपत नसे. मला गाडी चालवायला शिकवली तीही मिस्त्रींनीच. मी कॉलेजात होते. मुलीने गाडी चालवायची ही कल्पनाच वडिलांना मानवत नव्हती. मिस्त्रींनी त्यांची समजूत घातली. "ताईचा हात हलका आहे, वकीलसाहेब," ते म्हणाले. "गिअर टाकते तर आवाज नाही येत. जबाबदारी माही." तेव्हा मला इतकं भरून आलं होतं की मी घरी जाऊन आरशात स्वतःचे हात बघितले.

साठचं दशक संपत आलं होतं त्या सुमारास, एका एप्रिलमध्ये त्या गाडीचं इंजिन उतरवावं लागलं. नव्या रिंगा, नवे बेअरिंग, सगळं नवं. इंजिन बांधून दिलेल्या प्रत्येक गाडीला निरोप देताना मिस्त्री एकच वाक्य म्हणत, "नवी सून आहे, पाचशे मैल दमानं घ्या." नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंत इंजिन घट्ट असतं, लवकर तापतं, म्हणून पहिले पाचशे मैल काटा तिसाच्या वर न्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. हे सांगून ते मडगार्डवर दोनदा थाप मारत आणि गाडी वळणाआड होईपर्यंत उभे राहत. त्या दिवशी वडिलांना त्यांनी ते वाक्य सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमाले तर सांगायची गरजच नाही."

गरज होती. मे महिन्यात पुण्याहून माझा आतेभाऊ आला. दुपारी वडील जेवून आडवे झाले होते, आणि हा म्हणाला की मुलींना गाडी येते म्हणजे बैलगाडीच्या वेगानेच येते. एवढंच बोलला तो. एवढ्या बोलण्यावर मी नागपूरच्या मे महिन्यातल्या भर उन्हात अमरावती रोडला लागले आणि काटा साठावर नेला. वाडी गावाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. अशा वेळी इंजिन निवेपर्यंत अर्धा तास तरी हात लावायचा नाही, हे मिस्त्रींनी मला शिकवलेलं होतं. पण मला वडील उठायच्या आत घरी पोचायचं होतं. आतेभावाने चहाच्या टपरीतल्या रांजणातून बादलीभर गार पाणी आणलं आणि मी ते तसंच रेडिएटरमध्ये ओतलं. आत कुठेतरी 'टक' झालं. थंड कपात उकळता चहा ओतला की कप तडकतो, तेवढाच आवाज. आतेभावाला तो ऐकूही आला नाही. मला आला.

पंधरा दिवसांत गाडी पाणी पिऊ लागली. सकाळी पांढरा धूर सोडायची, मध्येच एक सिलिंडर बंद पडायचा. वडील आणि मी ती लकडगंजला घेऊन गेलो. मिस्त्रींनी तळहात बघितले, वडिलांचं सगळं ऐकून घेतलं, आणि वडील ओळखीच्या कुणाशी बोलायला बाजूला गेले तेव्हा मला विचारलं, "ताई, गाडी तापली तर नव्हती ना कधी?"

आवाजात राग नव्हता, संशय नव्हता. डॉक्टर विचारतात तसं विचारलं. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? वडील महिनाभर बोलले नसते, गाडीची किल्ली कपाटात गेली असती. बस्स.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांचा असा विश्वास, की त्या घटकेपासून दोष शोधायला त्यांच्यापाशी एकच जागा उरली, स्वतःचे हात.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्यांनी ते इंजिन तीनदा उघडलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हेडखालचं गॅस्केट नीट बसलं नाही. नवीन बसवलं. गाडी चार दिवस बरी चालली आणि पुन्हा पाणी पिऊ लागली. दुसऱ्यांदा त्यांनी हेड पट्टीने तपासलं, घासून सपाट केलं, नट पुन्हा कसले. तिसऱ्या वेळी मी गेले तेव्हा ते ओंडक्यावर बसून हवेत नट कसत होते. मधून बाहेर, मधून बाहेर. कितीतरी वेळ. मग डोळे उघडून वडिलांना म्हणाले, "ताण गेला, वकीलसाहेब. हाताले समजून नाही राहिलं." वडील म्हणाले, होतं असं, एखादी गाडीच खोडीची असते. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. मी वडिलांच्या मागे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते पहिल्या दिवशी जेवढं अवघड होतं त्याच्या दसपट अवघड आता झालं होतं, कारण आता त्यात तीनदा उघडलेलं इंजिनही आलं होतं.

दिवाळीच्या आधी गॅरेजला कुलूप लागलं. किल्ली जागामालकाला देऊन झाल्यावर मिस्त्री निरोप घ्यायला घरी आले होते. वडिलांनी परोपरीने समजावलं. ते म्हणाले, "ज्या हाताचा मलेच भरवसा नाही, तो लोकायची लेकरं बसते त्या गाडीले कसा लावू?" जाताना माझ्यापाशी थांबून त्यांनी माझा अभ्यास विचारला. वडिलांनी गाडी भंगारात दिली, आणि तिच्या पोटात काय झालं होतं ते कुणीच बघितलं नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी जबलपूरला गेले. मिस्त्रींना पत्र लिहायला मी किती वेळा बसले ते सांगत नाही, कारण त्यातलं एकही पत्र मायन्याच्या पुढे गेलं नाही. सात वर्षं अशीच गेली. वडील वारले. भावाने प्रताप नगरला घर बांधलं. त्याच्या वास्तूला आले तेव्हा तो सहज म्हणाला, की आपले मिस्त्री वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर राखणीला आहेत, मी परवा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाची गाडी घेऊन एकटीच निघाले. सांगून टाकायचं असं ठरवून निघाले होते म्हणेन तर तेही खोटं होईल. मला फक्त त्यांना बघायचं होतं.

गोदामाच्या मागे त्यांची भाड्याची खोली होती. मला बघून नवराबायको दोघांना काय करू नि काय नको झालं. मिस्त्री वाळले होते, पण हसणं तेच. वडिलांचं कळलं होतं त्यांना. खूप वेळ त्यांच्याबद्दलच बोलत राहिले. मग चहा सांगायला ते नाक्यावर गेले, आणि त्यांची बायको माझ्याजवळ येऊन बसली. तिने आवाज खाली केला. "एक विचारू का, ताई? बसल्या बसल्या ह्यायचे हात हालत राहते. जेवता जेवता हालते. मी पुसलं तर म्हणते, वकीलसाहेबाच्या गाडीचे नट कसून राहिलो. सात वर्षं झाली. डॉक्टरले दाखवू का?"

मिस्त्री चहाचे ग्लास घेऊन आले, आणि मी सगळं सांगून टाकलं. आतेभाऊ, काटा साठावर, वाफ, रांजणातलं पाणी. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, किती वेळाने पाणी ओतलं? पाच मिनिटांनी. आवाज आला होता? हो, टक झालं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. चेहरा असा उजळला की मला लकडगंजातले ते आठवले. "ब्लॉक तडकला होता, ताई," ते म्हणाले. "ब्लॉक, खालचं अंग. अन् मी वरचं हेडच पाहत राहिलो. गरम झालं का चीर उघडे, थंड झालं का मिटून जाये. उघडल्यावर कशी दिसंन ते?" पाणी भरून दाब देऊन पाहिलं असतं तर एका दिवसात सापडलं असतं, हे त्यांनी मला हातवारे करून समजावलं. दोन-तीन मिनिटं ते खरोखर आनंदात होते. मग डोळे मिटले आणि त्यांचे हात उचलले गेले. मधले नट, मग बाहेरचे. एक फेरी, दुसरी, तिसरी. शेवटचा नट कसून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नाही, बायकोकडे बघितलं.

"बरोबरच कसले होते वं," ते म्हणाले.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर एक ट्रक उलटा घेत होते, त्याचा आरडाओरडा तेवढा चालू होता. मग त्यांनी मला विचारलं, "काहून नाही सांगतलं, ताई?"

या प्रश्नाचं उत्तर तयार करायला मला सात वर्षं मिळाली होती. मी म्हणाले, "बाबा रागावले असते."

त्यांनी मान हलवली, अगदी त्या दिवशीसारखी. "हो," ते म्हणाले. "वकीलसाहेब रागावलेच असते."

मी रडत होते. गॅरेज पुन्हा काढा, भाऊ जागा बघून देईल, असं काहीबाही बोलत होते. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर उताणा धरला. "आता नाही होत. सात वर्षं हा हात भेला आहे, ताई. भेलेल्या हाताले ताण नाही समजत." मला दोष द्यायचा म्हणून त्यांनी ते म्हटलं नाही. परत आलेल्या गाडीबद्दल बोलावं तसं स्वतःच्या हाताबद्दल बोलले.

गाडीपर्यंत ते माझ्याबरोबर आले. मी आत बसले, त्यांनी मडगार्डवर दोनदा थाप मारली. "दमानं जाजा, ताई," म्हणाले. वळणापर्यंत आरशात ते दिसत होते, उभेच. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि मी तिसाच्या खाली चालवत होते.

त्या थंडीत ते गेले. भाऊ त्यांच्या घरी भेटायला गेला होता. परतल्यावर त्याने मला पत्र लिहिलं, की मिस्त्रींच्या बायकोने तुझी आठवण काढली. तू येऊन गेलीस त्या दिवसापासून त्यांचे हात एकदाही हालले नाहीत, मांडीवर नुसते पडून असायचे, असं तिने तुला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे. भावाला काही माहीत नव्हतं. त्याने ती चांगली बातमी म्हणून लिहिली होती.