घंटीसरांचा पहिला नंबर

शर्यतीच्या हलक्या सायकलला पोस्टमनच्या सायकलला असते तसली जाड पितळी घंटी बसवणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही हसायचो. "हसा," ते म्हणायचे, "पण मागून येणाऱ्यानं आपण आलोय हे सांगावं. न सांगता पुढे जाणं म्हणजे चोरी." ते डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवत. आम्हा रविवारच्या सायकलवाल्यांत त्यांचं नाव पडलं घंटीसर.

आम्ही ठाण्यात माजिवड्याला जमून येऊरच्या डोंगराचा चढ चढायचो. मी जोशात सीटवरून उठून पॅडल मारू लागलो की मागून आवाज यायचा, "अरे, बस खाली! चढावर बढाई नाही, उतारावर घाई नाही." एकदा माझ्या पोटरीत गोळा आला. बाकीचे चहाला पुढे गेले. सर रस्त्याकडेला मांडी घालून बसले आणि माझा पाय मांडीवर घेऊन अर्धा तास चोळत राहिले.

त्यांचा नियम एकच, पण कडक. "कुणी पडलं की थांबायचं. पडलेल्याला वळसा घालून जाणारा माझा कुणी नाही." एकदा आमच्यासमोर एक दूधवाला घसरला, तर त्याची किटली माझ्या हातात देऊन सर त्याला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेले.

दोन वर्षांपूर्वी कल्याणजवळच्या एका टेकडीवर, नव्या वसाहतीच्या मोकळ्या रस्त्यांवर हौशी शर्यत होती. सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत छाती फोडणारा चढ, आणि मग काटकोनात वळणारा उतार. सर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. आजवर त्यांचा दुसरा नंबर आलेला, तिसरा आलेला. पहिला कधीच नाही.

शेवटच्या फेरीत मी सर्वांत पुढे होतो, माझ्यामागे सर, आणि बाकीचे बरेच लांब. उताराच्या वळणावर बारीक रेती होती. चाक घसरलं आणि मी खांद्यावर आपटलो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. उठता येईना. मी चांगला हात वर केला आणि तेवढ्यात मागून ती घंटी वाजली. मला वाटलं, सुटलो.

सरांनी वळसा घातला आणि ते निघून गेले. पाठ वाकवून, मान खाली घालून, पूर्ण वेगात. दुखणं क्षणभर विसरूनच गेलो मी. नुसता त्यांच्या मागच्या चाकाकडे बघत राहिलो. मला उचललं ते तिसऱ्या नंबरवर असलेल्या अनोळखी पोरानं.

सर भेटायला आले नाहीत. तीन आठवडे वाट पाहून, गळ्यात हात अडकवून मीच त्यांच्या घरी गेलो. मनात वाक्य तयार होतं. "सर, तुम्ही मला पाहिलंच नसेल ना?"

'नाही पाहिलं' म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता.

"पाहिलं," ते म्हणाले. "तू हात वर केलेलास, तेही पाहिलं."

"मग?"

"पुढे कुणीच नव्हतं रे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणीच नव्हतं."

चहाचे कप घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी दारातच थबकल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. सर माझ्या खांद्याकडे बघत होते. "मला माफ करू नकोस," ते म्हणाले. "निदान एवढ्यात तरी नको."

रविवारी ते पुन्हा आले नाहीत. त्याच वर्षी नोकरी सोडून कोकणात गावी निघून गेले. जाताना कुणालाच भेटले नाहीत.

मला अजून धड राग येत नाही, आणि विसरताही येत नाही. सायकल कुणाकडून शिकलास, असं घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की मी सरांचंच नाव सांगतो. आई उठून आत जाते.