गोठ्यामागे चाखलेली स्पार्कलिंग वाईन

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, असं बायकोने स्वच्छ सांगूनही मी परभणीहून पुसेगावकडे गाडी काढली. तिथला माझा कॉलेजमधला मित्र प्रदीप नाशिकला वाईनचा छोटा कोर्स करून आला होता. आता त्याला द्राक्षबाग लावून पर्यटकांना स्पार्कलिंग वाईन चाखवायची होती. अडचण एकच. वावर त्याच्या बायकोच्या, सुनीतावहिनींच्या नावावर, माहेरून आलेलं. त्यांची अट होती: आधी चव बघीन, मग सोयाबीन सोडायचं की नाही ते सांगीन. मला जाणकार म्हणून बोलावलं होतं. मी ब्लॉग लिहितो म्हणजे मला वाईन कळते, हा प्रदीपचा समज. तो खोडायचं माझ्याही जिवावर आलं.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि जवळा बाजारला थांबा. भजी गरम मिळतात, वीस रुपये प्लेट. प्रदीपच्या वाईनच्या बाटल्या गार करायला बर्फ तिथल्याच रसवंतीवर घेतला.

"एवढा बर्फ? लगन हाय का मयत?" रसवंतीवाल्याने विचारलं.

"वाईन चाखायची आहे."

"मंग मयतच म्हना."

संध्याकाळी प्रदीपच्या अंगणात बाजेवर त्याचे वडील, आबा, बसले होते. सतरंजीवर चार चुलतभाऊ. प्रदीपने सांगितलं की ही वाईन बाटलीत दुसऱ्यांदा आंबते, त्यातून निघणारा वायू आत कोंडून राहतो, म्हणून बूच फाडकन उडवायचं नाही, हळूच सुस्कारा सोडू द्यायचा. मग उंच ग्लासात तिरपी ओतून बुडबुड्यांची माळ बघायची. सुस्कारा सुरेख सुटला. माळही लागली. पण ग्लासाला कोणी हात लावेना.

"आबासमोर?" एक भाऊ कुजबुजला, ग्लास उपरण्याखाली घेऊन गोठ्यामागे गेला. पाठोपाठ बाकीचे.

"अरे, बुडबुडे मरून राहिले!" प्रदीप ओरडला.

गोठ्यामागून उत्तर आलं, "मरू दे! आबानं पाह्यलं तं आमी मरतो!"

वाईन ही संस्कृती आहे, असं मी या ब्लॉगवर दोनदा लिहिलंय. तरीही मी गेलो. म्हशीकडे तोंड करून दोन घोटांत ग्लास रिकामा केला. नाकात झिणझिण्या आल्या, मग ठसका. प्रदीप म्हणत होता तो भाजलेल्या पावाचा वास मला आला नाही, शेणाचा आला. पण त्याचा दोष वाईनला देणं बरं नव्हे.

परत आलो तर प्रदीप वहिनींना म्हणत होता, "तू आत जाऊन पी."

"काहून? वावर माझं हाय."

आबांनी बाजेवर अंग टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "पी बाई. मी तिकडं पाहून राहिलो."

वहिनींनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट जिभेवर थांबवला. "आंबूस हाय. सफरचंदावानी. जिभीवर मुंग्या चालून राहिल्या." आणि ग्लास पुढे केला. "अजून टाका."

प्रदीपचा चेहरा उजळला. "मंग लावायची ना बाग?"

"आवडली तं इकत आनू. चहा रोज पेतो, म्हून चहाचा मळा लावला का आपन?"

भिंतीकडे तोंड करून आबा इतके हसले की बाज करकरली.

जूनमध्ये सोयाबीन पेरलं गेलं. प्रदीप अजून माझ्याशी तुटक बोलतो, कारण मी तेव्हा त्याची बाजू घेतली नाही. काय बोलणार होतो? बाग व्हावी की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुसेगावहून घरी आल्यावर बायकोने विचारलं होतं, "कशी होती वाईन?" मी बुडबुड्यांच्या माळेपासून सुरुवात केली.

"सगळ्यांसमोर प्यायलास?"

"नाही. फक्त वहिनी प्यायल्या."

"मग तुला काय विचारायचं," म्हणून तिने सुनीतावहिनींना फोन लावला.