इराची नाळ

मंडळी, आज दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी इथे ओंटारिओतल्या लंडनला लॅबमध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करते. पेशींना आधी सूज आणायची, मग हळदीतलं कर्क्युमिन घालून ती उतरते का बघायचं. आज चक्क उतरली! लंचला घरी आले आणि खुशीत आईला फोनमधला पेशींचा फोटो दाखवला. आई पुण्याहून नातीसाठी आलीये.

"या पेशी कुठनं आणता गं?"

"नाळेतून. बाळंतपणानंतर बायका डोनेट करतात."

"आणि काम झालं की?"

"ब्लीच घालून टाकून देतो."

आईने गॅस बारीक केला. फोडणीत हळद घालायची राहिली. मग म्हणाली, "आपल्या इराची नाळ कुठे पुरलीत?"

दोन वर्षांपूर्वी, याच शहरात, इरा झाली तेव्हा नर्सने विचारलं होतं, रिसर्चला दिली तर चालेल का. मी दमलेली, नुसती मान हलवली. आमच्या लॅबच्या फ्रीझरमधल्या पेशींच्या नळ्यांवर नाव नसतं, फक्त नंबर असतो.

लॅबला परतले. मायक्रोस्कोपखाली पेशी एकमेकींना बिलगून निजल्यासारख्या दिसत होत्या. ब्लीचची बाटली हातात घेतली, आणि ओतवेना. झाकण लावून प्लेट परत इन्क्युबेटरच्या उबेत ठेवली.

आता इरा मांडीवर झोपलीये. माझी नजर सारखी तिच्या बेंबीकडे जातेय. उद्या ती प्लेट टाकावीच लागणार.

इथे बाळंत झालेल्यांनो, तुमच्या बाळाची नाळ कुठे गेली, कधी विचारलंत?