बाजारात भरलेली महिला सभा

मथुरा पंचायतीची सदस्य झाली, ती वाडीतल्या पुरुषमंडळींनी देवळात बसून ठरवलं म्हणून. जागा बायकांसाठी राखीव, आणि मथुरा कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्याविरुद्ध कुणी अर्जच भरला नाही. निवडून आल्यावरही पंचायतीचे फोन तिच्या नवऱ्याला, दत्तारामलाच येत. तो बापडा फोन तसाच हातात धरून सांगे, "मेंबर कुळीथ वाळत घालता. थांबा, हाक मारतंय."

पोफळवणे गावचा बाजार मंगळवारचा. खाडीकडून मासे येतात, वरच्या कातळसड्यावरून भाजी. मथुरा वीस वर्षं तिथे तांबडी भाजी आणि मुळे घेऊन बसायची, आणि सदस्य झाली तरी बसतच होती. बाजाराच्या टोकाला पंचायतीने तीन वर्षांपूर्वी बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं होतं. गुलाबी रंग, भिंतीवर मोर. फीत कापली, पेढे वाटले. पाण्याची जोडणी तेवढी राहिली. मग दाराला कुलूप लागलं आणि आत देवस्थान समितीच्या जत्रेच्या खुर्च्या आणि लाऊडस्पीकरचे कर्णे राहायला गेले. बाजाराच्या दिवशी बायका सकाळपासून घोटभर पाणी पिताना विचार करत.

मासे विकणारी तुळसा तर दिवसभर तशीच बसून राही. शेवटी लघवीच्या त्रासाने आठवडाभर हॉस्पिटलात पडली. मथुरा पेज घेऊन भेटायला गेली, तेव्हा तुळसा हसत म्हणाली, "डॉक्टर म्हणता, भरपूर पाणी पी. त्याका एक मंगळवार माझ्या जाग्यार बसयतलंय."

मथुराही हसली. पण परतताना ती एसटीतून बाजारातच उतरली आणि त्या गुलाबी स्वच्छतागृहाचं कुलूप हलवून बघून आली.

त्याच महिन्याच्या मासिक सभेत वित्त आयोगाच्या पैशांतून काय करायचं हा विषय निघाला. सरपंच लवू तसा दिलदार माणूस, पण त्याच्या डोक्यात गावाच्या वेशीवरची स्वागत कमान पक्की बसली होती.

"कमान झाली काय पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतले," तो म्हणाला.

"थांबले, तर जातले खंय?" मथुराने विचारलं.

सगळे हसले. वर्षभरात ती सभेत पहिल्यांदाच बोलली होती. त्या हशात तिचे कान तापले, तरी ती थांबली नाही. "बाजारातल्या स्वच्छतागृहाक आधी पाणी देवा."

"त्या लायनीर आणखी नळ दिलो तर पेठेतल्या घरांका पाणी पोचूचा नाय," लवू म्हणाला. "ग्रामसभेत बघूया."

बघूया म्हणजे काय, हे मथुराला कुणी समजावायची गरज नव्हती.

पण नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणात तिने एक गोष्ट नीट ऐकून ठेवली होती. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, आणि तिचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. पोफळवण्यात ही सभा दरवर्षी होई, पण वहीत. शिपाई घरोघर फिरून सह्या आणायचा की झाली सभा! मथुराने ग्रामसेवकांना गाठलं.

"भाऊसाहेब, यंदा महिला सभा खरी घेऊया. मंगळवारी, बाजारात."

"बाजारात? अहो, कार्यालयात घेतली तर सोयीचं होईल."

"कोणाच्या सोयीचा? ऑफिसात चार बायका येतल्यो. बाजारात सगळ्यो गावतत."

भाऊसाहेब नियमाला धरून चालणारे गृहस्थ होते. मंगळवारी ते इतिवृत्ताची वही घेऊन आले आणि पालथ्या क्रेटवर बसले. एका बाजूला तुळसाचे बांगडे, दुसऱ्या बाजूला हौसाबाईची केळी. ठराव लिहायला घेतला की गिऱ्हाईक यायचं आणि सभा तहकूब व्हायची.

"मोठ्यान वाचा," हौसाबाई केळी मोजता मोजता म्हणाली. "माका आयकाक येवक होया."

त्यांनी मोठ्याने वाचलं. सूचक तुळसा, अनुमोदक हौसाबाई. मग सह्या आणि अंगठे सुरू झाले. वहीच्या दोन पानांना माशांची खवलं चिकटली. साहेब आपल्याकडे आलेत म्हणून जी ती चहा मागवत होती, आणि नको म्हणायचा भाऊसाहेबांचा स्वभाव नव्हता. पाचव्या ग्लासानंतर ते मथुराकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "इथे जवळपास कुठे सोय...?"

"त्या आंब्याच्या पाठी जावा," तुळसानेच उत्तर दिलं. "तुमका आंबो आसा."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊसाहेब आंब्यामागून परतले ते गंभीर होऊन, आणि ठरावात 'तातडीने' हा शब्द त्यांनी स्वतःहून घातला.

ग्रामसभेला कधी नव्हे त्या बायका मागच्या भिंतीपर्यंत दाटून बसल्या. ठराव वाचून झाल्यावर लवूने पुन्हा पेठेच्या पाण्याची अडचण काढली. तेव्हा पाणी सोडणारा सत्यवान दारातूनच म्हणाला, "सरपंचांनू, देवळाकडचो वॉल्व दोन वर्सां गळता. माझो अर्ज कपाटात पडलो आसा. थंय वाया जाता तेवढ्या पाण्यात आठवड्याचो बाजार सहज भागतलो."

भाऊसाहेबांनी चष्मा सारखा केला. "आणि या निधीचा मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला आहे. कमान त्यात बसत नाही."

लवूने सभेकडे पाहिलं. पहिल्याच रांगेत त्याची आई सीता बसली होती, आणि ठरावाच्या बाजूने तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता. "बरा तर," तो ओशाळं हसत म्हणाला, "आधी वॉल्व, मगे नळ. कमान बघूया फुडल्या वर्सा."

फाल्गुनात पाणी आलं. जत्रेच्या खुर्च्या लवूच्या पडवीत गेल्या, त्यावरून देवस्थान समिती त्याच्यावर पंधरा दिवस रुसली. पहिल्याच मंगळवारी एक नळ निखळून हातात आला, आणि सत्यवानाने भर बाजारात तो बसवून दिला. झाडलोट बचत गटाने अंगावर घेतली. फीत कापायची कुणालाच आठवण झाली नाही.

पुढच्या मासिक सभेला मथुरा आली ती स्मशानाच्या वाटेवरच्या दिव्यांचा विषय घेऊन. तिने पिशवीतून कागद काढलेला पाहून लवू शिपायाला म्हणाला, "आधी चाय सांग रे. आज येळ लागतलो."